रात्रीची ट्यूब

बाळ नऊ महिन्यांचं झालं की गोवराच्या लशीबरोबर त्याला ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस पाजतात. बाटलीसोबत प्लॅस्टिकचा चमचा येतो आणि त्या चमच्यावर अर्ध्यात एक खूण असते. पहिल्या वेळी खुणेपर्यंत, म्हणजे १ मिलिलिटर, म्हणजेच १ लाख युनिट. पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी चमचा भरून, २ लाख युनिट. पिवळसर, तेलकट असं ते द्रव अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. रातांधळेपणा आणि त्यातून येणारं अंधत्व टाळण्यासाठी आपल्या देशात हा कार्यक्रम १९७० पासून सुरू आहे. त्यात कुणाला काही नवल वाटत नाही.

हेच मूल पंचवीस वर्षांचं झालं की चारशे-पाचशे रुपये, कधी हजार-दोन हजार मोजून ३० मिलिलिटरची एक बाटली घरी आणतं. तिच्यावर लिहिलेलं असतं ‘रेटिनॉल’. चमच्यातला पदार्थ आणि बाटलीतला पदार्थ एकाच घराण्यातले. फरक इतकाच की पहिला पोटातून जातो आणि दुसरा कातडीवरून, आणि दुसऱ्याबद्दल इतकं काही बोललं जातं की तो लावायच्या आधीच माणूस एकतर भारावलेला असतो किंवा घाबरलेला.

‘अ’ जीवनसत्त्वाचा आणि कातडीचा संबंध काही सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांनी जोडलेला नाही. १९१३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात एल्मर मॅक्कॉलम आणि मार्गरीट डेव्हिस यांनी उंदरांच्या खाण्यातली चरबी बदलून पाहिली. लोणी किंवा अंड्याचा बलक दिला तर उंदीर वाढत. डुकराची चरबी किंवा ऑलिव्हचं तेल दिलं तर काही दिवसांनी वाढ खुंटे. म्हणजे लोण्यात निव्वळ स्निग्धपणापलीकडे काहीतरी होतं. १९२५ मध्ये वोल्बाक आणि हाऊ या दोन संशोधकांनी हा पदार्थ खाण्यातून वगळलेल्या उंदरांच्या शरीराची आतून तपासणी केली. श्वासनलिका, लाळेच्या ग्रंथी, मूत्रमार्ग या सगळ्यांचं ओलसर, मऊ अस्तर जाऊन तिथे नखाशिंगासारखा कोरडा, टणक थर आला होता. १९३१ साली पॉल कारर यांनी या जीवनसत्त्वाची रासायनिक रचना उलगडली आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

कुपोषित मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, मांड्यांवर खरखरीत टोकदार पुटकुळ्या उठतात. हात फिरवला तर किसणीसारखं लागतं. डॉक्टर त्याला फ्रायनोडर्मा म्हणतात. त्यामागे इतरही पोषणद्रव्यांची कमतरता असू शकते, पण ‘अ’ जीवनसत्त्वाकडे संशय सगळ्यांत आधी जातो. यातून त्वचारोगतज्ज्ञांच्या डोक्यात एक साधा हिशेब आला: हे जीवनसत्त्व कमी पडलं की केसाच्या मुळाशी मृत पेशींचं बूच बसतं, आणि मुरमाची सुरुवातही नेमकी अशा बुचानेच होते. मग मुरमांवर हे जीवनसत्त्व भरपूर दिलं तर? दिलंही. पोटातून मोठाले डोस देऊन पाहिले. पण ‘अ’ जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, ते यकृतात साठतं. जास्त झालं की डोकेदुखी, ओठ फाटणं, केस गळणं आणि शेवटी यकृतालाच इजा. म्हणून मोर्चा बाहेरच्या बाजूला वळला. १९६२ मध्ये जर्मनीत ग्युंटर श्टुटगेन यांनी या जीवनसत्त्वाचं आम्लरूप, म्हणजे आजचं ट्रेटिनॉइन, कातडीवर लावून पाहिलं. परिणाम दिसला. कातडी लालेलाल झाली, तेही दिसलं.

यापुढचा भाग फिलाडेल्फियात घडला आणि तो बाटलीवर छापलेला नसतो.

होम्सबर्ग नावाच्या तिथल्या तुरुंगात १९५१ साली कैद्यांमध्ये चिखल्यांची साथ आली. उपचार करायला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांना बोलावलं. आत गेल्यावर त्यांना शेकडो माणसं दिसली. सगळी एका छपराखाली, सगळ्यांचं जेवण एक, झोपायची-उठायची वेळ एक, आणि उद्या ‘येणार नाही’ म्हणण्याची सोय कुणालाच नाही. प्रयोग करणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय हवं? पुढे १९७४ पर्यंत तिथे प्रयोग चालले. कैद्यांच्या पाठीवर चौकोन आखायचे, त्यात साबण, शांपू, डिओडरंट, मलमं यांच्या पट्ट्या चिकटवायच्या, काही ठिकाणी कातडीचे तुकडे काढून घ्यायचे. डाऊ केमिकल कंपनीसाठी डायऑक्सिनसारखं विषही काहींच्या कातडीवर लावलं गेलं. बहुतेक कैदी कृष्णवर्णीय होते. त्यातल्या अनेकांवरचा खटला उभाही राहिला नव्हता. जामिनाला पैसे नव्हते म्हणून ते आत होते, आणि प्रयोगाला होकार दिला की थोडे डॉलर हाती पडत. आपल्याला काय लावलं जातंय हे त्यांना नीट सांगितलं जात नसे.

मुरमांवरच्या ट्रेटिनॉइनच्या कामातही या कैद्यांची कातडी वापरली गेली. १९६९ साली क्लिगमन, जेम्स फुल्टन आणि गेर्ड प्लेविग यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १९७१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘रेटिन-ए’ या नावाने औषधाला परवानगी दिली. क्लिगमन श्रीमंत झाले, नावाजले गेले. सुमारे ३०० माजी कैद्यांनी २००० साली दावा लावला, तो मुदत टळल्याच्या कारणावरून फेटाळला गेला. फिलाडेल्फिया शहराने जाहीर माफी मागितली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. तोवर क्लिगमन जाऊन बारा वर्षं झाली होती आणि बरेच कैदीही राहिले नव्हते. हे वाचून कुणी बाटली फेकून द्यावी असं मला म्हणायचं नाही. फेकून त्या माणसांना काही मिळणार नाही. पण ‘आमच्या प्रयोगशाळेचं संशोधन’ असं जाहिरातीत दिसलं की मला ती चौकोन आखलेली पाठ आठवते.

सुरकुत्यांचा शोध मात्र आपसूक लागला. मुरमांसाठी ट्रेटिनॉइन लावणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीच्या बायकाही होत्या. त्या सांगू लागल्या की मुरमं तर कमी झालीच, पण चेहराही नितळ वाटतो, बारीक रेषा पुसट झाल्यात. क्लिगमन यांनी १९८६ मध्ये त्यावर निबंध लिहिला. १९८८ साली मिशिगन विद्यापीठातल्या जॉन व्हूरहीस यांच्या गटाने तो दावा रीतसर तपासला. ३० माणसं, १६ आठवडे. काहींना खरं मलम, काहींना औषध नसलेलं, आणि कुणाला कोणतं हे लावणाऱ्यालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. खऱ्या मलमाने फरक पडला. ते लावणाऱ्या बहुतेक सगळ्यांच्या कातडीची आगही झाली. वर्तमानपत्रांनी पहिली ओळ छापली, दुसरी बारीक टायपात गेली आणि मुरमाच्या मलमाची विक्री एकदम वाढली. सुरकुत्यांवरच्या वापराचे हक्क कुणाचे यावरून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि क्लिगमन यांच्यात कोर्टबाजीही झाली. शेवटी १९९५ च्या डिसेंबरात ‘रेनोव्हा’ या नावाने सुरकुत्यांसाठी परवानगी मिळाली. त्याच्या माहितीपत्रकात प्रशासनाने लिहायला लावलं होतं की या औषधाने सुरकुत्या नाहीशा होत नाहीत आणि उन्हाने झालेलं नुकसान दुरुस्त होत नाही. आज कुठल्या सीरमच्या खोक्यावर इतका प्रामाणिकपणा सापडतो ते शोधून पाहा.

आता हे रेटिनॉल कुठून आलं? ट्रेटिनॉइन हे औषध, त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. रेटिनॉल हे प्रसाधन, त्याला लागत नाही. कंपन्यांच्या दृष्टीने गोष्ट इथेच संपते, पण कातडीच्या दृष्टीने ती इथे सुरू होते. कातडीच्या पेशीत जे काम करतं ते आम्लरूपच. रेटिनॉल लावलं तर पेशी आधी त्याचं रेटिनाल्डिहाइड करते आणि मग त्याचं आम्ल. आणि बाटलीवर ‘रेटिनिल पाल्मिटेट’ लिहिलं असेल तर आणखी एक पायरी आधीची. दर पायरीला माल गळतो. म्हणून रेटिनिल पाल्मिटेट सगळ्यांत सौम्य, त्यावर रेटिनॉल, त्यावर रेटिनाल्डिहाइड आणि सगळ्यांत कडक ट्रेटिनॉइन. ज्या क्रीमच्या नावात मोठ्या अक्षरांत रेटिनॉल आहे आणि मागच्या यादीत फक्त पाल्मिटेट आहे, ते घेण्यात पैसे जातात, बाकी फारसं काही होत नाही.

आम्ल तयार झालं की ते पेशीच्या केंद्रकात शिरतं. तिथे त्याला बिलगणारी प्रथिनं असतात. स्ट्रासबूरच्या पिअर शांबों आणि कॅलिफोर्नियातल्या रोनाल्ड इव्हान्स यांच्या प्रयोगशाळांनी ती १९८७ मध्ये वेगवेगळी, पण एकाच सुमारास शोधली. ती बिलगली की काही जनुकं जागी होतात, काही दबतात. वरच्या थरातल्या पेशी भराभर तयार होऊन वर सरकतात, मृत पेशी चिकटून न राहता झडतात, छिद्रातलं बूच सैल होतं, रंगद्रव्य एका जागी साचून राहत नाही. खालच्या थरात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं, कातडीचा ताठपणा त्याच्यामुळे. उन्हाने कोलॅजन कापणारी विकरं वाढतात, हे मिशिगनच्याच गॅरी फिशर आणि व्हूरहीस यांनी १९९६ मध्ये दाखवलं आणि हे आम्ल त्या विकरांना आवर घालतं हेही दाखवलं. ‘रेटिनॉलने कातडी पातळ होते’ असं पार्लरपासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळे सांगतात. पातळ होतो तो फक्त अगदी वरचा मृत थर. त्याखालचा जिवंत थर उलट जाड होतो.

निव्वळ रेटिनॉलवरचा एक प्रयोग मला फार आवडतो. २००७ मध्ये मिशिगनमध्येच तो झाला. ३६ वृद्ध, सरासरी वय ८७. एका दंडाच्या आतल्या बाजूला ०.४ टक्के रेटिनॉलचं लोशन, दुसऱ्या दंडाला साधं लोशन, आठवड्यातून तीनदापर्यंत, २४ आठवडे. दंडाच्या आतली बाजू निवडली, कारण तिथे ऊन पोचत नाही. तिथल्या सुरकुत्या निव्वळ वयाच्या. रेटिनॉलच्या बाजूला बारीक रेषा कमी झाल्या आणि कातडीचा पाणी धरण्याचा गुण सुधारला. सत्त्याऐंशीच्या दंडाला जमतं ते तिशीच्या कपाळाला जमेलच. पण तिथे आकडा पाहा: सहा महिने. आणि टक्केवारी पाहा: अर्ध्या टक्क्याच्याही आत.

लावायचं कसं, याची माहिती आता प्रत्येक मोबाइलवर आहे आणि ती बहुतेक अतिउत्साही आहे. खरं तर गोष्ट किचकट नाही. रात्री साध्या फेसवॉशने चेहरा धुवायचा, टिपायचा आणि पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, कारण ओल्या कातडीतून ते जास्त खोल जातं आणि जास्त झोंबतं. बोटाच्या पेराएवढं नाही, वाटाण्याच्या दाण्याएवढं घ्यायचं आणि ते सगळ्या चेहऱ्याला पुरवायचं. कपाळ, दोन गाल, हनुवटी असे ठिपके ठेवून पसरवायचं. नाकपुडीच्या कडेची खाच, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या कडा सोडायच्या. तिथे ते साचतं आणि सालपटं पहिल्यांदा तिथेच निघतात. ते टाळायचं असेल तर आधी या तीन जागांवर व्हॅसलिनचं बोट फिरवून घ्यावं. वर मॉइश्चरायझर. कातडी नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, पुन्हा मॉइश्चरायझर. सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री. दोन-तीन आठवडे काही तक्रार नसेल तर एक रात्र वाढवायची. ०.१ किंवा ०.२ टक्के पुरे. १ टक्क्याची बाटली पहिल्याच दिवशी घेणाऱ्याला शूर म्हणता येईल, शहाणा नाही.

पहिल्या महिन्यात काय होतं? तोंड धुतलं की ताणल्यासारखं वाटतं. हनुवटीवर, नाकाच्या बाजूला पपुद्रे सुटतात. गंमत म्हणजे पावडर किंवा फाउंडेशन लावल्यावरच ते जास्त दिसतात. मुरमांची प्रवृत्ती असेल तर ती उलट वाढल्यासारखी वाटतात, कारण खाली दबलेलं सगळं एकदम वर येतं. बहुतेकांना हे दोन ते सहा आठवड्यांत ओसरतं. पण पपुद्रे सुटणं वेगळं आणि भाजल्यासारखी आग, सूज, खाज किंवा पाणी सुटणं वेगळं. दुसऱ्या गोष्टी झाल्या तर बाटली बाजूला ठेवायची, फक्त मॉइश्चरायझर लावायचं, आणि कमी झालं नाही तर स्किनच्या डॉक्टरला दाखवायचं. ‘काम करतंय म्हणून जळतंय’ ही समजूत आपल्याकडे उटण्यातल्या लिंबापासून चालत आली आहे आणि ती सोडायला हवी.

आपल्या कातडीचा प्रश्न इथेच वेगळा होतो. हे बहुतेक मोठे प्रयोग गोऱ्या माणसांवर झाले. गोऱ्या कातडीची जळजळ झाली तर ती लाल होते आणि काही दिवसांत मूळ रंगावर येते. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीची जळजळ झाली तर लाली दिसतही नाही, पण ती ओसरताना मागे काळसर डाग सोडते आणि तो महिनोन्महिने राहतो. म्हणजे डाग घालवायला आणलेल्या बाटलीने नवा डाग. आमच्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांना हे रोज दिसतं. अमेरिकेतली एखादी मुलगी पहिल्याच आठवड्यात रोज रात्री लावते आणि तिचं निभावतं. तिचं पाहून ठाण्यातली मुलगी तेच करते आणि तिच्या वरच्या ओठावर कडेने काळी रेघ उमटते.

वरच्या ओठाचं नाव मुद्दाम घेतलं. आपल्याकडे दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंग होतं, अनेक जणी वॅक्सिंग करतात, लग्नाआधी ब्लीच आणि फेशियल असतंच. रेटिनॉलवर असलेल्या कातडीचा वरचा थर सैल असतो; वॅक्सची पट्टी ओढली की केसाबरोबर कातडीचाही पापुद्रा निघून येतो आणि खाली ओली, चुणचुणणारी जागा उरते. पार्लरवाल्या ताईला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. वॅक्सच्या आधी आठवडाभर आणि नंतर तीन-चार दिवस बाटली बंद ठेवावी, थ्रेडिंगच्या आगेमागे दोन-तीन रात्री. लग्न पंधरा दिवसांवर आलं असताना रेटिनॉल सुरू करणं हा तर निव्वळ अविचार. हळदीत लिंबू पिळलेला लेप, तुरटी, स्क्रब, आम्लाची सीरमं या सगळ्यांना त्या काळात सुट्टी.

रात्री का लावायचं? एक तर प्रकाशात आणि हवेत रेटिनॉल लवकर नासतं. चांगली कंपनी ते ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये किंवा हवा आत न घेणाऱ्या पंपात भरते. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीतलं, रोज बोट घालून काढायचं रेटिनॉल दोन महिन्यांत नावापुरतं उरतं. पिवळट रंग तपकिरीकडे गेला की समजावं. गीझरखालच्या फडताळात, मे महिन्याच्या उकाड्यात ते ठेवू नये. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: दिवसा ऊन. चेहऱ्यावरच्या ज्या सुरकुत्यांना आपण वय म्हणतो, त्यातल्या बऱ्याच उन्हाच्या असतात. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६९ वर्षांच्या अमेरिकी ट्रकचालकाचा फोटो छापून आला. २८ वर्षं त्याच्या डाव्या गालावर खिडकीच्या काचेतून ऊन येत होतं. त्याचा उजवा गाल साठीतल्या माणसाचा वाटतो, डावा गाल ऐंशीच्या पुढचा. काचेतून यूव्ही-ए किरणं आरपार येतात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, इतकाच फरक. रात्री रेटिनॉल लावून सकाळी सनस्क्रीन न लावता स्कूटरवरून निघणारा माणूस एका हाताने भरतो आणि दुसऱ्याने सांडतो. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर मी डोळे मिटून सनस्क्रीन घ्यायला सांगेन: एसपीएफ ३० किंवा वरचं, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं.

परिणाम कधी दिसतो? पोत सहा-आठ आठवड्यांत बदलल्यासारखा वाटतो, मुरमं आणि डाग तीन महिन्यांत, बारीक रेषा सहा महिन्यांत. खोल घड्या, लटकलेली कातडी, डोळ्यांखालची काळी पोकळी यांवर रेटिनॉलचं फारसं चालत नाही. वांगावर ते एकट्याने पुरत नाही. आणि थांबवलं की कातडी हळूहळू आपल्या जुन्या चालीवर येते. पंधरा दिवसांत काचेसारखा चेहरा कुणी दाखवत असेल तर तो फिल्टर आहे.

पण एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला माहीत असायलाच हवी. रेटिनॉलच्या बाटलीला घाबरणाऱ्या कित्येक घरांत त्याहून कितीतरी कडक ट्रेटिनॉइन आधीच पोचलेलं आहे. मेडिकलच्या काउंटरवर हा संवाद कुठल्याही संध्याकाळी ऐकू येईल:

“दादा, ती डागांची ट्यूब द्या ना.”

“कुठली, पंधरा ग्रॅमची?”

“हो, तीच. जाऊबाई लावतात ती. त्यांचा रंग उजळलाय.”

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. या मिश्रणाचा मूळ पुरुष पुन्हा क्लिगमनच. १९७५ साली त्यांनी वांगासारख्या डागांसाठी ते सुचवलं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवडे, फक्त डागापुरतं वापरलं तर ते आजही उत्तम औषध आहे. आपल्याकडे ते गोरं होण्याची क्रीम म्हणून सगळ्या चेहऱ्याला, रोज, वर्षानुवर्षं लावलं जातं. पहिले काही आठवडे चेहरा खरंच उजळतो. ती स्टेरॉइडची करामत. मग कातडी खरोखर पातळ होते, लाल बारीक शिरा दिसू लागतात, हनुवटीवर केस येतात, मुरमांचं पीक येतं. आणि ट्यूब बंद केली तर चेहऱ्याची अशी आग होते की माणूस घाबरून परत तीच लावतो. २०११ मध्ये देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांना विचारलं, तेव्हा जवळपास १५ टक्के लोक स्टेरॉइडचं मलम चेहऱ्याला लावत होते. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली. काउंटरवरचा संवाद त्यानंतरही फारसा बदललेला नाही. तेव्हा ट्यूब उलटून मागचं बारीक लिखाण वाचावं. मोमेटॅसोन, बीटामेथॅसोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक नाव दिसलं तर ते रेटिनॉल नव्हे. आणि बरीच वर्षं लावत असाल तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरकडे जावं.

रेटिनॉल कुणी अजिबात लावू नये? गर्भवतींनी, आणि बाळाचा विचार चालू असलेल्यांनी. मुरमांसाठी पोटातून घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या १९८२ साली बाजारात आल्या आणि त्यांनी गर्भात गंभीर व्यंगं होतात हे लवकरच दिसून आलं. कातडीवरून रक्तात जाणारं प्रमाण नगण्य असतं, तरीही सुरकुतीसाठी एवढीही जोखीम कुणी का घ्यावी, असा डॉक्टरांचा सरळ विचार आहे आणि तो बरोबर आहे. युरोपीय संघाने तर २०२४ मध्ये नियमच केला: चेहऱ्याच्या प्रसाधनात ०.३ टक्के, अंगाला लावायच्या लोशनमध्ये ०.०५ टक्के, त्यापुढे नाही. नव्या मालाला हा नियम नोव्हेंबर २०२५ पासून, जुन्या मालाला मे २०२७ पर्यंत मुदत. खाण्यातून, गोळ्यांतून आणि क्रीममधून मिळून ‘अ’ जीवनसत्त्व फार होऊ नये हा हेतू. आपल्या बाजारात १ टक्क्याच्या बाटल्या सर्रास आहेत.

ज्यांना रेटिनॉल सोसतच नाही त्यांच्यासाठी आता ‘बाकुचिऑल’चा गाजावाजा आहे. ते परदेशी वाटतं, पण आहे आपल्याच बावचीतलं. बावचीच्या बियांतून हा पदार्थ वेगळा काढून त्याची रचना मांडली ती पुण्यात, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. गोवर्धन मेहता, रामदास नायक आणि सुख देव यांनी, १९६६ मध्ये. त्यांना त्यात नैसर्गिक रसायनांचं कोडं दिसत होतं, सुरकुत्या कुणाच्या मनातही नव्हत्या. पुढे २०१८ साली ४४ जणांवर १२ आठवड्यांची एक चाचणी झाली. ०.५ टक्के बाकुचिऑल दिवसातून दोनदा आणि ०.५ टक्के रेटिनॉल एकदा यांत सुरकुत्या आणि डाग दोन्हींवर सारखाच फरक पडला, आणि बाकुचिऑल लावणाऱ्यांना पपुद्रे व चुणचुण कमी झाली. ४४ ही संख्या लहान आहे. रेटिनॉइडांच्या, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या या सगळ्या रूपांच्या मागे पन्नास वर्षांचा पुरावा आहे, बाकुचिऑलच्या मागे तेवढा नाही. गरोदरपणात ते सुरक्षित असल्याचंही कुणी सिद्ध केलेलं नाही, दुकानदार काहीही सांगो.

आणि हे वाचून कुणी काष्ठौषधीच्या दुकानातून बावचीचं चूर्ण किंवा तेल आणून तोंडाला लावायला जाऊ नये. बावचीच्या बीत बाकुचिऑलबरोबर सोरालेन असतं. ते लावून उन्हात बसवण्याचा उपाय कोडासाठी आपल्याकडे फार जुना आहे, कारण सोरालेनने कातडी उन्हाला कमालीची हळवी होऊन रंग धरते. प्रसाधनात घालायचं बाकुचिऑल त्यातून सोरालेन काढून शुद्ध केलेलं असतं. घरी कालवलेल्या लेपात ते तसंच राहतं आणि दुपारच्या उन्हात गेलं तर नंतर चेहऱ्यावर फोड उठू शकतात.